फुली मारल्यावर

ब्राउझरमधला टॅब बंद करताना दोन निर्णय होतात. ‘हे पान आता नको’ हा पहिला, आणि तो आपला असतो. ‘मग आता समोर काय हवं’ हा दुसरा, आणि तो ब्राउझर परस्पर घेऊन टाकतो. फुलीवर क्लिक केलं, टॅब गेला, आणि पापणी लवायच्या आत दुसरंच कुठलं तरी पान समोर उभं. आपण ते मागितलेलं नसतं. बहुतेक वेळा खटकतही नाही, कारण ब्राउझरचा अंदाज बहुतेक वेळा जमून जातो. जेव्हा जमत नाही तेव्हा कधीतरी अर्धवट वाचून ठेवलेला लेख समोर येतो, आपण त्याचा एक परिच्छेद वाचतो, त्यातल्या एका लिंकवर जातो, आणि मुळात काय करत होतो ते आठवेपर्यंत बराच वेळ निघून गेलेला असतो.

टॅब उघडण्याबद्दल लोक भरपूर बोलतात. कुणाचे किती टॅब उघडे आहेत यावरून एकमेकांची थट्टा करतात. (अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शंभरावा टॅब उघडला की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो, म्हणजे थट्टेत ब्राउझरही सामील आहे.) बंद करण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मला बरीच वर्षं रस आहे तो त्यातच. टॅब कसा बंद व्हावा, कुठल्या टॅबने बंद व्हायला नकार द्यावा, बंद झाल्यावर मी कुठे असावं, यासाठी मी सेटिंगच्या पानांत खोल शिरलो आहे, एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जास्तीची कामं शिकवणारे छोटे प्रोग्रॅम) बसवली आहेत, काढली आहेत, आणि कुठलंच मनासारखं वागेना तेव्हा एक छोटंसं स्वतः लिहिलंही आहे. हा नाद क्षुल्लक आहे हे मान्य. पण दुसरा निर्णय कुणाचा, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

त्या दुसऱ्या निर्णयाचा सगळ्यात साधा नियम म्हणजे उजवीकडचा शेजारी. टॅब गेला की त्याच्या उजवीकडचा पुढे सरकतो, उजवीकडे कुणीच नसेल तर डावीकडचा. या नियमाला स्मरणशक्ती लागत नाही. तुम्ही कुठून आलात, मघाशी काय वाचत होतात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला फक्त जागा कळते. ढीगभर टॅब एका बाजूने निकालात काढायचे असतील तेव्हा हा नियम झकास. बघा, बंद करा, बघा, बंद करा, आणि रांग आपोआप पुढे सरकत राहते.

क्रोमचा नियम याहून खोल आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही कारण तो चांगला चालतो. एखाद्या पानावरच्या चार लिंका माऊसच्या चाकाने क्लिक करून मागच्या मागे उघडल्या, तर हे चारही टॅब एकाच पानातून निघालेत हे क्रोम ध्यानात ठेवतो. त्यातला एक वाचून बंद केला की तो पुढच्या भावंडाकडे नेतो, आणि सगळी भावंडं संपली की मूळ पानाकडे. बंद होणाऱ्या टॅबने स्वतः आणखी टॅब उघडले असतील तर आधी त्यांचा मान. कंट्रोल आणि टी दाबून कोरा टॅब उघडला आणि लगेच बंद केला, तर आपण आधी होतो त्याच टॅबवर परत येतो. पण मधल्या वेळात दुसरीकडे फिरून आलात तर हे नातं पुसलं जातं आणि पुन्हा जागेचा नियम लागू होतो. कुणीतरी बसून विचार केला आहे की माणूस टॅब का उघडतो, आणि त्यावरून तो का बंद करतो. आपल्या लक्षाबद्दलचं एक गृहीतक त्या दोन-चार नियमांत शिजवून ठेवलेलं आहे.

क्रोम २००८ साली आला तेव्हापासूनची आणखी एक कारागिरी मला फार आवडते. टॅबपट्टीवर फुल्या मारत गेलात तर उरलेले टॅब लगेच रुंद होत नाहीत. माऊस पट्टीवरून खाली उतरेपर्यंत ते आपली रुंदी धरून ठेवतात, त्यामुळे पुढच्या टॅबची फुली बरोबर बोटाखाली येते आणि हात न हलवता एकामागून एक टॅब बंद करता येतात. माऊस बाजूला झाला की मग सगळे आरामात पसरतात. बहुतेकांनी हे आयुष्यात कधी जाणीवपूर्वक पाहिलेलं नसेल.

आता माझं भांडण. मला उजवा शेजारी नको असतो, भावंडही नेहमी नको असतं. मला हवा असतो मी याआधी ज्या टॅबवर होतो तो, पट्टीवर तो कुठेही असो. लिहिताना मसुदा एका टोकाला असतो आणि संदर्भ दुसऱ्या टोकाला. संदर्भ पाहिला, बंद केला, तर मला मसुद्यावर यायचं असतं, दुसऱ्या संदर्भावर नाही. पण हाच नियम टॅब आवरताना जीव खातो, कारण दर फुलीला तो मसुद्यावर फेकतो आणि रांगेत पुन्हा जाऊन उभं राहावं लागतं. म्हणजे आवरताना जागेचा नियम हवा, शोधताना नात्याचा आणि लिहिताना आठवणीचा. माणूस तोच, तास तोच, ब्राउझरही तोच. कुठलाही एक नियम सगळ्यांसाठी बरोबर असू शकत नाही, आणि एका माणसासाठीही दिवसभर बरोबर असू शकत नाही.

विवाल्डीने हे ओळखलंय. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक, योन फॉन टेट्झनर यांनी पुढे उभा केलेला हा ब्राउझर २०१६ साली पहिल्या पक्क्या आवृत्तीसह आला. त्याच्या सेटिंगमध्ये टॅब बंद झाल्यावर डावीकडे जायचं, उजवीकडे, संबंधित टॅबवर की अलीकडच्या टॅबवर, हे सरळ विचारलेलं आहे. एक्स्टेन्शन लागत नाही. ज्यांना या भानगडीत न पडता फक्त सवय जपायची आहे त्यांनी तिकडे जावं असं मी बिनदिक्कत सांगतो. मी स्वतः मात्र फायरफॉक्सवर अडलेलो आहे, आणि त्याचं कारण जुनं आहे.

फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा टॅबांवर फुल्याच नव्हत्या. पट्टीच्या अगदी उजव्या टोकाला एकच फुली असायची आणि जो टॅब समोर असेल तो तिने बंद व्हायचा. ऑक्टोबर २००६ च्या फायरफॉक्स २ ने प्रत्येक टॅबला त्याची त्याची फुली दिली. त्यावर तेव्हा बरीच कुरबूर झाली, आणि मला वाटतं तिच्यात तथ्य होतं. एकाच जागची फुली म्हणजे हाताला पाठ झालेली जागा. नजर न वळवता तिथे जाता यायचं, आणि मुख्य म्हणजे जे पान डोळ्यांसमोर नाही ते बंदच करता यायचं नाही. प्रत्येक टॅबवर फुली आल्यावर न पाहिलेली पानंही सटासट बंद करता येऊ लागली. सोय झाली, धोकाही आला. तेव्हाच्या फायरफॉक्सने निदान पर्याय ठेवला होता: अबाउट-कॉन्फिग या लपलेल्या सेटिंगच्या पानावर एका आकड्याने ठरवता यायचं की फुली फक्त चालू टॅबवर हवी, सगळ्यांवर हवी, कुठेच नको, की जुन्यासारखी टोकाला. पुढे ती सेटिंग काढून टाकली गेली. कमी लोक वापरतात, सांभाळायला कटकट होते, म्हणून सेटिंग जाणं ही ब्राउझरच्या दुनियेतली नेहमीची गोष्ट आहे. त्या कमी लोकांत मी हटकून असतो.

सेटिंग जिथे संपायच्या तिथे एक्स्टेन्शनं सुरू व्हायची, आणि त्या काळची एक्स्टेन्शनं म्हणजे काय चीज होती हे आज सांगूनही पटणार नाही. टॅब मिक्स प्लस नावाचं एक होतं. त्याच्या पर्यायांच्या पानांतच माणूस हरवून जावा. बंद केल्यावर डावीकडे, उजवीकडे, ज्याने उघडला त्याच्याकडे, आधीच्या टॅबकडे, पहिल्याकडे, शेवटच्याकडे. पट्टी एका ओळीत की अनेक ओळींत. दोनदा क्लिक केल्यावर काय, चाकाने क्लिक केल्यावर काय. त्यात टॅब ‘संरक्षित’ करता यायचा, म्हणजे तो काही केल्या बंद व्हायचा नाही. ‘लॉक’ करता यायचा, म्हणजे त्यातली लिंक त्याच टॅबमध्ये न उघडता नव्या टॅबमध्ये उघडायची. आणि दोन्ही एकदम करायचं असेल तर ‘गोठवता’ यायचा. हे सगळं शक्य होतं कारण तेव्हाच्या फायरफॉक्सचं आवरणच, म्हणजे पट्ट्या-बटणांचा सगळा भाग, एक्स्टेन्शनसाठी उघडं होतं. टॅब बंद करणारं जे मूळ फंक्शन, तेच एक्स्टेन्शन बदलू शकायचं.

१४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला आणि हे बंद झालं. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं एका आवृत्तीत निकामी झाली. राहिली ती वेबएक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरने आखून दिलेल्या ठरावीक खिडक्यांतूनच हात घालू शकणारी. यामागची कारणं खरी होती. ब्राउझरच्या आतल्या कोडला हात लावणारी एक्स्टेन्शनं दर नव्या आवृत्तीला मोडायची, ब्राउझर वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या भागांत, विभागायला अडसर ठरायची, आणि एखादं दुष्ट निघालं तर त्याला अडवायला काहीच नव्हतं. निर्णय योग्य होता असं मी त्या वेळीही म्हणत होतो. पण योग्य निर्णयानेही काही गमावलं जातं, आणि जे गमावलं त्याची नोंद विजयाच्या घोषणांत नसते. टॅब मिक्स प्लस अधिकृत मार्गाने त्या दारातून आत येऊच शकलं नाही.

ट्री स्टाइल टॅब मात्र आलं. एका जपानी प्रोग्रॅमरचं हे २००७ पासूनचं एक्स्टेन्शन, टॅब उभ्या झाडासारखे दाखवणारं. ५७ च्या आधी त्याने ते जवळजवळ नव्याने लिहून काढलं. पट्टीत बदल करायची मुभा नव्हती म्हणून ते बाजूच्या साइडबारमध्ये राहायला गेलं. झाड आलं की बंद करण्याचा एक नवाच प्रश्न उभा राहतो: आईबाप टॅब बंद केला तर पोरांचं काय? ट्री स्टाइल टॅबचं उत्तर असं की फांदी मिटलेली असेल तर सगळी फांदी जाते, उघडी असेल तर फक्त आईबाप जातो, पोरं राहतात. मिटलेली फांदी म्हणजे एक वस्तू, उघडी फांदी म्हणजे अनेक. नुसत्या आडव्या पट्टीवर असला विचार करायची वेळच येत नाही.

आजच्या एक्स्टेन्शनची अडचण कळायची तर ते टॅबच्या बंद होण्याकडे कुठून बघतं ते पाहावं लागेल. ब्राउझर त्याला एक निरोप देतो: अमुक क्रमांकाचा टॅब काढून टाकला. काढून टाकला, भूतकाळ. निरोप पोचतो तेव्हा टॅब गेलेला असतो आणि पुढचा टॅबही निवडून झालेला असतो. गाडी सुटल्यावर फलाटावर पोचल्यासारखं आहे ते. त्या निरोपात पानाचा पत्ताही नसतो, नाव नसतं. टॅबचा क्रमांक, विंडोचा क्रमांक आणि ‘सगळी विंडोच बंद होतेय का’ एवढंच. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, नाहीतर माणूस विंडो बंद करतोय आणि एक्स्टेन्शन आतल्या आत या टॅबवरून त्या टॅबवर उड्या मारतंय, असा प्रकार होईल.

त्यामुळे ‘बंद झाल्यावर आधीच्या टॅबवर जा’ असं एक्स्टेन्शन लिहायचं तर करावं लागतं ते असं. टॅब बदलला की दर वेळी त्याचा क्रमांक यादीत टाकायचा. टॅब गेल्याचा निरोप आला की यादीतून तो खोडायचा आणि त्याच्या आधीचा जो असेल त्याला समोर आणायचं. जेमतेम वीस-पंचवीस ओळींचं काम. पण डोळ्याला ते दिसतं: क्षणभर उजवा शेजारी चमकतो आणि मग आपला टॅब येतो. ती लकाकी एखाद्याला जाणवणारही नाही. मला मात्र जाणवते, आणि एकदा जाणवली की दिसतच राहते. शिवाय तो शेजारी एखादं जड पान असेल तर त्या क्षणभरात ते जागं होऊन कामाला लागतं.

क्रोमच्या बाजूला आणखी एक गुंता आहे. एक्स्टेन्शनसाठीच्या नव्या नियमावलीनुसार, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही३ नुसार, एक्स्टेन्शनचा मागे चालणारा भाग सतत जागा राहत नाही. साधारण ३० सेकंद काही घडलं नाही की ब्राउझर त्याला झोपवतो आणि त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणजे आपण एकच लेख शांतपणे वाचत बसलो तर तेवढ्यात यादी गायब. ती वेगळ्या साठवणीत लिहून ठेवावी लागते, जाग आल्यावर परत वाचावी लागते. मेमरी वाचावी हा हेतू समजतो. पण ज्याचं सगळं काम आठवण ठेवणं हेच आहे, त्याच्यासाठी हा नियम जरा क्रूर आहे.

फायरफॉक्सने यावर जे केलं त्यासाठी मी त्यांचं बाकीचं बरंच माफ करतो. जानेवारी २०१९ च्या आवृत्ती ६५ पासून एक्स्टेन्शनला प्रत्येक टॅबचा वारस आधीच नेमून ठेवता येतो. हा टॅब गेला तर अमुक टॅब समोर आण, असं ब्राउझरला अगोदर सांगायचं. मग बंद होताना निर्णय ब्राउझरच घेतो, पण आपण लिहून दिलेल्या मृत्युपत्राप्रमाणे. चमकणं नाही, उडी नाही. निरोपाची वाट बघायची गरजच संपते. मी लिहिलेलं छोटं एक्स्टेन्शन यावरच उभं आहे: टॅब बदलला की ज्याच्यावरून आलो तो नव्याचा वारस. एवढंच. वीस वर्षांपूर्वी जे आवरणात घुसून करावं लागायचं ते आता एका सभ्य ओळीत होतं, आणि कुणीतरी त्या ओळीची गरज ओळखली याचं मला अजून नवल वाटतं.

टॅबला बंद होऊच न देणं मात्र आज खरोखर कुणाच्या हातात नाही. एक्स्टेन्शनला ‘थांब’ म्हणायची सोय दिलेली नाही. टॅब लॉक करून देतो म्हणणारी एक्स्टेन्शनं दोनपैकी एक युक्ती वापरतात. एक तर टॅब गेल्या गेल्या तो पुन्हा उघडतात. किंवा पानात शिरून ‘जाण्याआधी विचार’ ही विनंती नोंदवतात, आणि मग ब्राउझर ती ठोकळेबाज चौकट दाखवतो: पान सोडायचं का? त्या चौकटीत पूर्वी पानाला स्वतःचा मजकूर लिहिता यायचा. फसव्या पानांनी त्याचा इतका गैरवापर केला, ‘जाऊ नका, तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ वगैरे, की फायरफॉक्सने आणि नंतर २०१६ मध्ये क्रोमनेही पानाचा मजकूर दाखवणं बंद केलं. आता तर पानावर आपण एकदाही क्लिक किंवा टाइप केलेलं नसेल तर चौकट येतच नाही. कंट्रोल आणि डब्ल्यू हा टॅब बंद करणारा शॉर्टकटही पानांना अडवता येत नाही, तो ब्राउझरने राखून ठेवलाय. या बाबतीत मी ब्राउझरच्या बाजूने आहे. बाहेर पडायचं दार कुणालाही बाहेरून लावता येऊ नये. पण मग स्वतःच्या टॅबला स्वतः कुलूप घालायची इच्छा असणाऱ्याचीही पंचाईत होते, कारण कुलूप घालणारा मालक आहे की चोर हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही.

पिन करणं, म्हणजे टॅब पट्टीच्या सुरुवातीला डकवून ठेवणं, हा त्यातल्या त्यात जवळचा उपाय. पिन केलेल्या टॅबवर फुली नसते, त्यामुळे चुकून क्लिक होत नाही. फायरफॉक्सने तर कित्येक वर्षं असं ठेवलं होतं की पिन केलेल्या टॅबवर कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तरी तो बंद होण्याऐवजी पहिल्या साध्या टॅबवर नेऊन सोडायचा. शेवटचा टॅब बंद केल्यावर सगळी विंडोच जाते, याचा ज्यांना त्रास होतो त्यांनाही हाच उपाय: एक टॅब पिन करून ठेवा, म्हणजे हातातला टॅब कधी शेवटचा उरतच नाही. फायरफॉक्समध्ये यासाठी वेगळी सेटिंगही आहे, अबाउट-कॉन्फिगमध्ये ‘क्लोज विंडो विथ लास्ट टॅब’ शोधून ती बंद करायची. क्रोममध्ये अशी सेटिंग नाही, तिथे पिनेवरच भिस्त.

बंद करण्याच्या हातवाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. काही जण टॅबवर दोनदा क्लिक करून तो बंद करतात. विवाल्डी आणि एजमध्ये त्याची सेटिंग आहे, फायरफॉक्समध्येही लपवून ठेवलेली आहे, पण क्रोममध्ये एक्स्टेन्शनला टॅबपट्टीला स्पर्शच करता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. जुन्या ऑपेरावाल्यांचा हात अजून उजवं बटण दाबून माऊस खाली आणि मग उजवीकडे ओढतो, टॅब गेला. फायरफॉक्सवर जेस्चरिफाय हे एक्स्टेन्शन हेच करून देतं. फक्त लक्षात ठेवायचं की असली एक्स्टेन्शनं पानाच्या आत शिरून काम करतात, आणि ब्राउझरची स्वतःची पानं, सेटिंगची किंवा एक्स्टेन्शनच्या दुकानाची, त्यांना आत घेत नाहीत. तिथे माऊस कितीही ओढा.

चुकून बंद झालेल्याचं दुःख आता उरलेलं नाही, आणि त्याचं श्रेय कंट्रोल-शिफ्ट-टी ला. बंद केलेला टॅब परत आणण्याची सोय फायरफॉक्समध्ये २००६ पासून आहे. टॅब नुसता पत्ता घेऊन येत नाही, मागे-पुढे जाण्याचा सगळा माग घेऊन येतो. फायरफॉक्स अर्धवट भरलेला मजकूरही बऱ्याचदा परत आणतो. किती टॅब लक्षात ठेवायचे याचा आकडा बदलता येतो, मुळात तो २५ आहे. क्रोमच्या इन्कॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या, विंडोत ही सोय नाही, तिथे गेलं ते गेलं.

तरीही लोक टॅब बंद करत नाहीत. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. टॅब लोकांना आठवण करून देण्याचं काम करतात, आणि एकदा बंद केला की ती गोष्ट कृष्णविवरात गेली असं वाटतं, असं त्यांना आढळलं. मग ही भीती ओळखून ब्राउझरच बंद करायला पुढे सरसावले. आयफोनवरच्या सफारीत २०१९ पासून टॅब एक दिवस, आठवडा किंवा महिन्याने आपोआप बंद करता येतात. आर्क ब्राउझर न सांगता बारा तासांनी जुने टॅब उचलून अर्काइव्हमध्ये टाकायचा. टॅब रँग्लर हे एक्स्टेन्शन हात न लावलेले टॅब काढून एका यादीत ठेवतं, वनटॅब एका क्लिकमध्ये सगळ्यांची यादी करतं. वनटॅब मला चालतं, कारण तिथे क्लिक माझा असतो. आपोआप बंद करणारं कुठलंही मला फार काळ सहन झालेलं नाही. दुसरा निर्णय ब्राउझरला देऊन बसलोच आहोत. पहिलाही दिला तर उरलं काय?

आणि हे सगळं देताना दुसऱ्या बाजूला कोण आहे याचा विचार करावाच लागतो. टॅब सांभाळणाऱ्या एक्स्टेन्शनला टॅबचे पत्ते आणि नावं वाचायची परवानगी लागते, आणि क्रोम ती मागताना स्पष्ट बजावतो की हे तुमचा ब्राउझिंगचा इतिहास वाचू शकेल. आपण ‘होय’ म्हणून पुढे जातो. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते. २०२० साली ते मूळ लेखकाने विकलं, नव्या मालकाने त्यात संशयास्पद कोड घातला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून सगळ्यांच्या ब्राउझरमधून एकाच वेळी बंद केलं. झोपवलेले टॅब त्या एक्स्टेन्शनच्या पानात ठेवलेले असल्यामुळे तेही त्याच्याबरोबर गेले. लोकांनी इतिहासातून लांबलचक पत्ते उकरून काढले, कारण मूळ पानाचा पत्ता त्यांच्या शेपटाला जोडलेला असायचा. तेव्हापासून मी दुसऱ्याचं टॅबसंबंधी एक्स्टेन्शन बसवताना आधी ते कुणाचं आहे, कोड उघडा आहे का, मालक बदललाय का हे बघतो. माझं स्वतःचं वारस नेमणारं एक्स्टेन्शन फक्त क्रमांकांवर चालतं, त्याला पत्ते वाचायची परवानगीच लागत नाही. वीस ओळी स्वतः लिहिण्याचा हा एक अनपेक्षित फायदा.

वारस नेमता येतो हे कळल्यावर डोक्यात आलेला एक खुळा प्रयोग मात्र सांगायचा राहिला. टॅब बंद झाल्यावर ब्राउझरला काहीतरी दाखवावंच लागतं. ‘आता काहीच नको’ असा पर्याय टॅबपट्टीत नाही, एक टॅब कायम चालू असतोच. म्हणून मी लिहिण्याच्या विंडोत एक कोरा टॅब पिन केला आणि बाकी सगळ्या टॅबांचा वारस त्यालाच नेमलं. संदर्भ बंद केला की समोर कोरं पान. सुरुवातीला फार चिडचिड झाली, कारण दर वेळी आणखी एक क्लिक. पण त्या कोऱ्या पानावर आल्यावर मी मसुद्याकडे जायचो ते ठरवून जायचो, आणि बऱ्याचदा असं लक्षात यायचं की मला मसुद्याकडे जायचंच नाहीये, उठायचं आहे. दुसरा निर्णय पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता, आणि तो रोज शेकडो वेळा घ्यावा लागणं ही काही गंमत नाही हेही कळलं.

म्हणून आता वाटणी केली आहे. लिहिण्याच्या विंडोत कोरं पान, वाचण्याच्या विंडोत आधीचा टॅब, आणि आवरायला बसलो की एक्स्टेन्शन बंद करून उजवा शेजारी. वारस त्याच विंडोतला असावा लागतो ही फायरफॉक्सची अट आहे, त्यामुळे ही सरमिसळ आपोआपच टळते. त्या कोऱ्या पिन केलेल्या टॅबचा वारस कोण, हे मात्र मी अजून ठरवलेलं नाही. तो बंद केला तर ब्राउझरला जे वाटेल ते होतं.